बाई, तुमी ओटा

तुकाआप्पांनी पहिल्याच भेटीत माझी ओटा म्हणून नेमणूक केली.

मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पोरींनी पाठीमागे काय नावं ठेवायची ती ठेवली असतील, पण तोंडावर मला कुणी ओटा म्हटलं नव्हतं. तोसुद्धा स्वयंपाकघरातला नव्हे. घरापुढचा, दगडमातीचा, येणाऱ्याजाणाऱ्याने टेकायचा. आणि त्यातही अपमान असा, की बाकीच्यांना आख्खी घरं मिळाली होती. कापड दुकानवाले मेघराजशेठ पाटलाचा वाडा झाले होते. कॉलेजातून निवृत्त झालेले देसाईसर सुताराचं घर होते. माझ्या वाट्याला नुसता ओटा, मागे घर नाहीच.

हे काय चाललं होतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल भोरची हवा आम्हाला बाधली.

भोरमध्ये वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं संग्रहालय आहे. दोन खोल्या. त्यात एक दगडी जातं, भात कांडायचं उखळ, पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं, दोन कंदील आणि एक तलवार. तलवार खरी आहे अशी ती देणाऱ्या घराण्याची पक्की खात्री आहे, इतर कुणाची नाही. नोकरी संपल्यावर मी तिथे फुकट राबायला लागले. वस्तू बघायला चिटपाखरू फिरकेना, तेव्हा आम्ही महिन्यातल्या एका रविवारी गोष्टींची बैठक सुरू केली. ज्याला आपलं गाव, आपलं घर सोडून यावं लागलं, त्याने यावं आणि सांगावं, बाकीच्यांनी ऐकावं, वर चहा.

पहिल्या बैठकीला मेघराजशेठ बोलले. सिंधमधून ते अगदी लहानपणी आईबरोबर बोटीने आले. आईने सगळा प्रवास लोणच्याची बरणी मांडीवर धरून केला आणि बंदरावर उतरताना ती निसटून फुटली. आई मागे राहिलेल्या घरासाठी रडली नाही, बरणीसाठी मात्र रडली, असं शेठ म्हणाले आणि स्वतःच चष्मा पुसत बसले. सगळे गहिवरले. मला वाटलं, छान, हे जमलं.

दुसऱ्या बैठकीला तुकाआप्पा आले.

ते मार्गासनीला पुतण्याकडे राहायचे. तिथून एसटीने नसरापूर, नसरापूरहून दुसऱ्या एसटीने भोर, असे आले. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, हातात कापडी पिशवी, वय ऐंशीच्या आसपास. त्यांचं गाव उंबरदरी, पासलीच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत. म्हणजे होतं. धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं.

दारातच थांबून त्यांनी आमच्या खुर्च्यांकडे नापसंतीने पाहिलं.

"ह्ये काय?" ते म्हणाले. "रांगंत? आवं, रांगंत तर पुनर्वसनातली घरं असत्यात. गाव आसं आसतं व्हय?"

आणि पिशवी खुंटीला लावून त्यांनी खुर्च्या हलवायला घेतल्या. आम्ही आपले उभे. जिन्याकडचा दरवाजा ही नदी ठरली. तिथून वाट वर चढत, मध्ये वाकडं वळण घेत खिडकीपर्यंत गेली. वाटेच्या दोन्ही अंगांना त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि एकेकाच्या दंडाला धरून, "तुमी हितं, तुमी तितं" करत आम्हाला बसवलं. तलवारीला त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलं, कारण त्यांच्या गावात असलं काही नव्हतं. मी खिडकीखालच्या लाकडी बाकावर बसले होते, हाताशी पाण्याचा तांब्या ठेवून. माझ्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं.

"बाई, तुमी हलू नगा," ते म्हणाले. "तुमी ओटा."

आप्पांचं म्हणणं असं, की गाव सांगायचं नसतं, गावात जायचं असतं. आणि जायचं ते नदीकडून. उंबरदरीत एक रीत होती. वाटेने जाणाऱ्याने कुणाच्याही घरावरून मुकाट्याने जायचं नाही. प्रत्येक घरापुढे थांबून "हाईत का घरात?" म्हणून हाक द्यायची. आणि घराने आतून "या, बसा, पानी घ्या" म्हणायचं. बसायचं नसतं कुणालाच, पण हाक द्यायची आणि ओ यायची. एवढं झालं की पुढे निघायचं.

त्यामुळे आप्पांची गोष्ट म्हणजे आप्पा खोलीभर फिरणार, प्रत्येक खुर्चीपुढे थांबून हाक देणार, आणि खुर्चीने ओ दिल्यावर त्या घराची हकिकत सांगणार. कुणाची म्हैस दुधाला लबाड होती, कुणाच्या परसातला फणस कापा होता की बरका, कोण झोपेत भांडायचा.

पहिल्याच खेपेला देसाईसरांचा फोन वाजला. आप्पांनी हाक दिली, "हाईत का घरात?" सर आपले फोनवर. आप्पांनी पुन्हा हाक दिली. सर हाताने थांबा म्हणाले. आप्पांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि सरांच्या पायाशी जमिनीवर बसले. मान खाली.

"काय झालं हो?" सरांनी घाबरून फोन ठेवला.

"घर गप हाय," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "हाकंला ओ न्हाई म्हंजी घरात मयत झाली आसनार. बसाय आलोय."

सर त्या दिवसापासून फोन घरी ठेवून येऊ लागले. जिवंतपणी आपल्या दुखवट्याला कुणी बसलेलं त्यांना फार लागलं.

औषधाच्या दुकानातल्या सुनंदाताईंची तर वेगळीच पंचाईत. त्या इतक्या मवाळ, की गिऱ्हाइकाला उधारी मागताना त्यांचेच डोळे भरून येतात. आप्पांनी त्यांना विठाबाईचं घर दिलं. ही विठाबाई उंबरदरीत शिव्यांसाठी प्रसिद्ध होती. तिच्या घरावरून जाताना तिने शिवी दिली नाही तर लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. सुनंदाताई हळूच "या, बसा" म्हणाल्या.

"ह्ये विठाबायचं घर न्हाई," आप्पा ठामपणे म्हणाले. "ह्ये दवाखान्यातलं हाय. वाईच कडक हू द्या."

दोन-तीन बैठकांनंतर सुनंदाताई "अरं मुडद्या" पर्यंत आल्या. पुढे पुढे त्यांना गोडी लागली. त्यांचे यजमान एकदा मला बाजारात भेटून म्हणाले, "बाई, तुमच्या संग्रहालयात नेमकं काय चालतं?"

मेघराजशेठ आणि आप्पांचं मात्र पहिल्यापासून मेतकूट जमलं. चहाच्या वेळी दोघे उखळाशेजारी बसायचे. एकदा आप्पांनी विचारलं, "शेठ, तुमचं गाव हाय का जाग्याव?"

"आहे ना. पण जाता येत नाही."

आप्पांनी चहाचा घोट घेतला. "मंग माजं तुमच्यापरीस बरं," ते म्हणाले. "माजं हितंच हाय. वरनं पानी हाय एवडंच."

शेठ हसले आणि आपल्या बशीतलं बिस्किट त्यांनी आप्पांच्या बशीत ठेवलं.

आता माझी तक्रार. आप्पांची गोष्ट नदीकडून निघायची, सुताराचं घर, पाटलाचा वाडा, मग चढ, मग विठाबाईचं घर, आणि मग उरायचा तो ओटा. म्हणजे मी. पण माझ्यापर्यंत यायची वेळ झाली, की आप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. "आगं आई! यष्टी चुकंल माजी. ऱ्हायलेलं म्होरल्या खेपंला," म्हणत पिशवी उचलायचे आणि जिना उतरून पसार. पुढच्या खेपेला गोष्ट पुन्हा नदीपासून. मला कधी हाक आली नाही, की ओ द्यायची संधी मिळाली नाही. एकदा मी लाजलज्जा सोडून आपणहूनच "या, बसा" म्हणून टाकलं, तर मला ऐकवलं, "ओटा बोलत न्हाई, बाई. घर बोलतं."

"मग या ओट्यामागचं घर कुणाचं?"

"शाकाराय काडलंय. कौलं न्हाईत वर."

पुढल्या खेपेला विचारलं, तर घरातली माणसं लग्नाला गेली होती. त्याच्या पुढल्या खेपेला कुलूप होतं आणि किल्ली शेजारी ठेवली होती, पण शेजारी कोण ते सांगायला वेळ नव्हता, कारण यष्टी. मी चिडले. मी नकाशे शिकवलेली बाई. माझ्या हद्दीत काय आहे हे मला ठाऊक नसावं?

"मीच का ओटा, तेवढं तरी सांगा," मी म्हटलं.

"तुमी जाग्यावनं उठत न्हाई," आप्पा म्हणाले. "आन् आलेल्याला पानी देता."

माझे गुडघे दुखतात म्हणून मी उठत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

देसाईसरांनी एकदा फार चांगल्या मनाने सुचवलं, की हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवू. कायमचं राहील. आप्पांनी मोबाईल हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ह्येला हाक दिली तर ह्यो 'या, बसा' म्हनंल का?"

"नाही. पण तुमचं सगळं ऐकवील."

"माजं मला कशाला ऐकवायचं? मला ओ पायजे."

रेकॉर्डिंग झालं तसं, पण त्यातले आप्पा सारखे कॅमेऱ्याकडे बघून ओ येण्याची वाट बघत थांबलेले दिसतात.

गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा काहीतरी बिनसल्याचं माझ्या लक्षात आलं. आप्पांनी मेघराजशेठना सुताराच्या जागी बसवलं. शेठ तिथे बसले. वाटेत आप्पा अडखळले, परत नदीपाशी गेले, परत निघाले. बैठक संपल्यावर सगळे पांगले, तरी ते खाली उतरले नाहीत. माझ्या बाकाच्या टोकाला हात टेकून उभे राहिले.

"बाई, सुताराच्या घरामागं चिच हुती का आंबा?"

"चिंच," मी म्हटलं. "त्या चिंचेवरून सुताराचा थोरला पडला आणि मग तो शाळेत जायला लागला."

"व्हय व्हय. चिचच." त्यांना केवढा धीर आला. मग ते म्हणाले, "आमच्या गावातली काय खाली सपाटीला जिमिनी मिळाल्या तिकडं ग्येली, काय पुन्याला ग्येली, म्हातारी कवाच सरली. ज्यो पोरगा म्हनावा त्यो तवा पाळन्यात हुता. ह्ये गाव आता माज्या एकट्याच्या डोस्क्यात हाय, बाई. आन् डोस्क्यात रोज एक घर मिळंना झालंय. येकदा बुडाल्यालं बगितलं, त्ये सोसलं. दुसऱ्यांदा न्हाई सोसायचं."

मी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी तांब्या परत ठेवला आणि यष्टीला निघाले.

पावसाळाभर ते आले नाहीत. आम्ही बैठका घेतल्या, इतरांनी गोष्टी सांगितल्या, चांगल्या सांगितल्या, पण खुर्च्या कुणी रांगेत लावल्या नाहीत. शिपायाने एकदा लावल्या, तर मेघराजशेठनी गुपचूप उठून आपली खुर्ची वळणावर नेली.

दिवाळीनंतरच्या रविवारी आप्पा आले. या वेळी पुतण्या सोबत होता, चाळिशीचा, अबोल. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "डाक्टर म्हनले, इसरत जानार आता. परवा नसरापूरला उतरून उभंच ऱ्हायलं, पुढची गाडी कंची त्ये आठवंना. पन आज सकाळधरनं टोपी घालून बसल्यात. भोरला जायाचं, गावाला जायाचं, म्हनून."

आप्पा दारात उभे होते. म्हणजे नदीवर. पिशवी हातातच होती. आम्ही आपापल्या जागी बसलो होतो आणि ते आमच्याकडे बघत होते. नजरेत ओळख होती, पण पुढे काय करायचं ते नव्हतं. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि थांबले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. तोंड उघडलं, हाक आली नाही. इतका अवघडलेला वेळ मी वर्गातसुद्धा कधी काढला नाही. पुतण्या पुढे होणार, तेवढ्यात देसाईसर बोलले.

"या, आप्पा. बसा, पाणी घ्या."

हाक न देताच ओ. आप्पा दचकून वळले. सर शुद्ध पुणेरी थाटात, आपल्या व्याख्यानाच्या आवाजात म्हणाले, "सुताराचं घर. मागे चिंच आहे."

आप्पा दोन पावलं त्यांच्याकडे गेले. "थोरला पडला हुता," ते पुटपुटले.

"त्याच चिंचेवरून," सर म्हणाले.

मग वळणावरून मेघराजशेठनी हात वर केला. "या, आप्पा, या. पाटलाचा वाडा. म्हैस दुधाला लबाड."

आप्पांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते वळण घेऊन वर आले, चढावर जरा थांबले, दम खाल्ला, जणू खरोखरच चढ होता. तिथून वाट डावीकडे जाते. ते उजवीकडे तलवारीकडे निघाले.

आणि आमच्या सुनंदाताई, ज्यांना उधारी मागता येत नाही, त्या खुर्चीतून ताडकन उठल्या आणि सगळा मजला दणाणेल अशा ओरडल्या, "अरं मुडद्या! तिकडं कुठं तडमडाय निगालास? डोळं फुटलं का? हिकडं ये!"

आप्पा गर्रकन फिरले. एवढे मोठ्याने हसले की त्यांना खोकला लागला. "विठाबाय!" ते म्हणाले. "जित्ती हायेस व्हय गं!" सुनंदाताई हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण माझंही तेच चाललं होतं.

आता पुढे घर नव्हतं. मी तेवढी होते. आप्पा वाटेवर उभे राहिले आणि त्यांनी नेहमीसारखं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता यष्टी. पण ते घड्याळाकडे नुसतेच बघत राहिले. यष्टीचं निमित्तसुद्धा त्यांना आठवलं नसावं. मग ते माझ्याकडे आले.

माझ्यापुढे उभे राहून त्यांनी हाक दिली, अगदी हळू. "हाईस का घरात?"

मी ओ दिली नाही. ओटा बोलत नाही, हे मला शिकवलं होतं. मी फक्त बाकावर थोडी सरकले.

आप्पा बसले. इतक्या दिवसांत त्या बाकावर ते पहिल्यांदाच टेकले. त्यांनी बाकाच्या कडेवरून तळवा फिरवला.

"दारं न्हेली," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे. "वासं न्हेलं. कौलं उतरून बैलगाडीत भरली. देव न्हेला. ओटा तेवडा न्हेता आला न्हाई. दगडमातीचा, कसा न्हेनार?" पुन्हा तळवा फिरवला. "हितं बसायची माजी कारभारीन, पारू. तांदूळ निवडीत. म्या खालनं येताना दिसलो की सूप बाजूला सारायची आन् पान्याचा तांब्या भरून ठिवायची. धरन व्हायच्या आदीच ग्येली ती. हितंच ग्येली. समदा गाव सामान बांधून टरकात बसला, आन् म्या आपला ओट्याव. पुतन्याच्या बानं हाताला धरून उठवला."

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, ह्ये माजंच घर न्हवं?"

"तुमचंच," मी म्हटलं. ओटा बोलला. इलाज नव्हता.

खिडकीतून उन्हं खाली आली होती. पुतण्याने घड्याळ बघितलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "आप्पा, उटा आता. यष्टी जाईल."

"जाऊ दे की तिला," आप्पा म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीला पाठ टेकली. "घरी आलोय न्हवं म्या."

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी काही उठले नाही. ओटा कधी उठत नाही. मेघराजशेठच पाटलाच्या वाड्यातून उठून आले आणि माझ्याजवळचा तांब्या उचलून त्यांनी आप्पांच्या हातात दिला.